चार वर्षांच्या लेकीची दाबून ठेवलेली शी आणि आजींचं रोजचं चूर्ण

प्रश्न एका आईचा आहे आणि त्यात घरातल्या दोघींची तक्रार आहे. मुलगी चार वर्षांची. शी चार-पाच दिवसांनी एकदा होते, तीही जाड, कडक आणि रडून रडून. मध्ये कधी शी आली की पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभी राहते. गेले दोन आठवडे चड्डीला थोडी थोडी पातळ शी लागते आहे. पोट बिघडलं असं समजून घरच्यांनी जुलाब थांबवायचं औषध दिलं. आजी अधूनमधून साबणाची कांडी लावतात. त्या आजींना, म्हणजे सासूबाईंना (वय ६८), कित्येक वर्षं रात्री चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि गेल्या दोन महिन्यांत चूर्ण घेऊनही होईनासं झालं आहे. दोघींचं काय करायचं, असं मुलीची आई विचारते.

ताई, सगळ्यात आधी मुलीचं जुलाबाचं औषध आजच बंद करा. तिला जुलाब नाहीत. तुम्ही जे लिहिलंय ते बद्धकोष्ठाचंच चित्र आहे. चड्डीला लागणारी पातळ शी हे त्या आजाराचंच पुढचं पाऊल आहे. फॅमिली डॉक्टर म्हणून माझ्याकडे अशी मुलं नेहमी येतात. त्यातली बरीचशी आधी जुलाबाचं औषध किंवा ओरडा खाऊन आलेली असतात.

मोठ्या आतड्याचं एक महत्त्वाचं काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. मळ जितका जास्त वेळ आत थांबेल तितका तो कोरडा आणि कडक होतो. कधीतरी एकदा मुलाला शी करताना दुखतं. ताप येऊन गेल्यावर पाणी कमी पडलेलं असतं, लग्नाच्या गडबडीत चार दिवस जेवण धड झालेलं नसतं, किंवा नव्या शाळेतल्या संडासात जायची भीती वाटलेली असते. निमित्त लहान असतं, पण मूल त्यातून एक गोष्ट पक्की शिकतं की शी केली की दुखतं. मग पुढच्या वेळी ते शी दाबतं. दाबल्यामुळे ती आणखी कोरडी आणि मोठी होते, जास्त दुखते आणि दाबण्याचा निश्चय आणखी पक्का होतो.

असं महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय, म्हणजे मळ साठण्याची शेवटची जागा, ताणली जाते. ताणलेल्या गुदाशयाला ‘आता भरलंय’ ही जाणीव नीट होत नाही. आत मोठा कडक गोळा बसलेला असतो आणि वरून येणारा नवा पातळ मळ त्याच्या बाजूनं झिरपून चड्डीत उतरतो. मुलीला ते खरोखर कळत नाही. ‘एवढी मोठी झालीस, कळत नाही का तुला?’ असं तिला कुणी विचारत असेल तर खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तिला लाजवू नका आणि घरात दुसऱ्या कुणाला लाजवू देऊ नका. शाळेतल्या ताईंनाही हे समजावून सांगा.

पाय आवळून उभं राहण्याबद्दलही एक नेहमीचा गैरसमज आहे. चेहरा लाल, अंग ताठ, टाचा उचललेल्या, सोफ्याला घट्ट धरलेलं. पालक म्हणतात, ‘बिचारी किती जोर लावते, तरी होत नाही.’ बहुतेक वेळा ती जोर लावत नसते. ती सगळी ताकद लावून शी अडवत असते. हे एकदा लक्षात आलं की ‘अजून जोर लाव’ असं सांगणं आपोआप थांबतं.

मुलांमध्ये बद्धकोष्ठ ओळखायचं ते नुसते दिवस मोजून नव्हे. आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, दुखणारी किंवा कडक शी, दाबून ठेवण्याची सवय, संडासात पाणी टाकूनही सहज न जाणारी जाड शी, संडासात शी करायची सवय लागलेल्या मुलाच्या चड्डीला शी लागणं, आणि डॉक्टरांनी तपासल्यावर पोटात किंवा गुदाशयात हाताला लागणारा मळाचा गोळा. यातली दोन किंवा अधिक लक्षणं महिनाभर असतील तर निदानासाठी ते पुरेसं असतं. तुमच्या मुलीत निदान चार दिसतात. भूक मंदावते आणि शी झाली की त्याच दिवशी मूल पोटभर जेवतं, बेंबीभोवती दुखतं, रात्री अंथरूण ओलं होऊ लागतं, लघवीला वारंवार जावं लागतं किंवा लघवीत जंतुसंसर्ग होतो, हेही यासोबत दिसतं. भरलेला गुदाशय मूत्राशयाला चेपतो. दर दोन महिन्यांनी मुलीच्या लघवीला जळजळ होते म्हणून अँटिबायोटिक घेणाऱ्या कितीतरी घरांत शीबद्दल कुणी विचारलेलंच नसतं.

दहातल्या नऊहून अधिक मुलांत यामागे दुसरा कुठलाही आजार नसतो. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासण्या यांची सरसकट गरज नसते. गरज कधी लागते ते पुढे लिहिते.

आता उपचार. त्याचे दोन टप्पे आहेत आणि पहिला गाळला तर दुसरा चालत नाही.

पहिला टप्पा म्हणजे साठलेला गोळा बाहेर काढणं. यासाठी आज जगभर पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉल या औषधाला आहे. पावडर पाण्यात विरघळवून प्यायची, चव जवळपास नसते. ते आतड्यातून अंगात जवळजवळ शोषलंच जात नाही. पाणी धरून ठेवतं आणि मळ मऊ करतं. साठलेलं काढण्यासाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, असं ३ ते ६ दिवस दिलं जातं. म्हणजे १५ किलोच्या मुलीला दिवसाला साधारण १५ ते २२ ग्रॅम. आकडा सांगितला तो तुम्हाला अंदाज यावा म्हणून. मात्रा मुलीला तपासून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे. शिवाय कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं तपासण्याआधी, मोठ्यांना देतात ती याच नावाची मोठी पाकिटं असतात, ती मुलांसाठी नाहीत. दुकानदाराकडून चुकून ती आणू नका.

या दिवसांत चड्डीला लागणं आधी वाढतं. औषध चुकलं असं वाटून लोक तिथेच सोडतात. ते अपेक्षित आहे, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवसांत काढा आणि शाळेत पाठवू नका. तोंडावाटे औषधानं भागलं नाही तरच एनिमा, आणि तोही दवाखान्यात. आधीच दुखण्याची धास्ती घेतलेल्या मुलाच्या गुदद्वाराशी जितकं कमी खेळू तितकं बरं. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावणं, हे सगळं याच कारणासाठी थांबवा. साबणानं आतली नाजूक त्वचा चुरचुरते, शी तेवढ्यापुरती होते आणि भीती दुप्पट होते. आजी ते मायेपोटीच करतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना ओरडून नव्हे, हे कारण सांगून थांबवा.

दुसरा टप्पा म्हणजे रोज मऊ शी होत राहील अशी मात्रा पुढे चालू ठेवणं. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच साधारण ०.४ ग्रॅम दर किलोमागे, कमी-जास्त करत. ते मिळत नसेल किंवा मूल अगदी लहान असेल तर लॅक्ट्युलोज सिरप, त्यानं थोडे गॅस होतात. हा टप्पा निदान दोन महिने चालतो आणि नंतरही मूल महिनाभर पूर्ण नीट राहिल्यावरच मात्रा हळूहळू उतरवायची. तुमच्या मुलीसारखं, चड्डीला लागण्यापर्यंत गेलेलं असेल तर मी पालकांना आधीच सहा महिन्यांची तयारी ठेवायला सांगते. ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला आणि मुलीच्या मनातली भीती पुसायला एवढा वेळ लागतोच.

उपचार बहुतेक घरांत याच ठिकाणी फसतो. दहा दिवसांत शी छान व्हायला लागते आणि कुणीतरी म्हणतं, ‘बास आता, सवय लागेल.’ औषध बंद होतं, तिसऱ्या आठवड्यात एकदा कडक शी होते आणि सगळं पहिल्यापासून. या औषधाची आतड्याला सवय लागत नाही. मोडलेल्या हाताचं प्लास्टर दुखणं थांबलं म्हणून आठव्या दिवशी कुणी काढत नाही, तसंच हे समजा.

औषधासोबत बसण्याची सवय. जेवणानंतर आतडं आपोआप हालचाल करतं. त्याचा फायदा घेऊन सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं तिला बसवा. घरात कमोड असेल तर मुलांची सीट लावा आणि पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. पाय लटकत असतील तर मूल पडू नये म्हणून अंग आवळून बसतं आणि ज्या स्नायूला सैल सोडायचं तोच घट्ट होतो. भारतीय संडास असेल तर उकिडवं बसणं उत्तमच, फक्त पाय घसरणार नाहीत हे पाहा. बसली याचं कौतुक करा, शी झाली की नाही ही वेगळी गोष्ट. कॅलेंडरवर रोज एक टिकली चिकटवायला द्या, चार वर्षांच्या मुलांना ते फार आवडतं. काही मुलं डायपर लावल्याशिवाय शी करतच नाहीत. तसं असेल तर मऊ शीची सवय होईपर्यंत डायपर लावून करू द्या. संडासात बसण्याचा आग्रह महिनाभर पुढे गेला तरी चालेल, पण शी अडता कामा नये.

आहाराबद्दल थोडक्यात. तुम्ही लिहिलं नाहीये, पण बहुधा दूध विचारायला हवं. दिवसाला तीन-चार ग्लास दूध, त्यात चॉकलेटची पावडर, मध्ये बिस्किटं आणि जेवायला दोन घास वरणभात, असा दिनक्रम मी रोज ऐकते. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, पोटात जेवणाला जागा होईल. भाकरी-पोळी, मोड आलेल्या मुगा-मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू, पपई, संत्रं, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका किंवा सुकं अंजीर, हे आपल्याकडे सहज मिळतं. मुलांच्या आहारात तंतू किती हवेत याचा सोपा हिशोब म्हणजे वयात ५ मिळवायचे, तेवढे ग्रॅम. चार वर्षांच्या मुलीला रोज ९ ग्रॅम. ते फार नाही. पण गोळा आत असताना कोंडा, इसबगोल असला भार वाढवू नका, त्यानं गोळा मोठाच होतो. आणि भरमसाट पाणी पाजून बद्धकोष्ठ जात नाही. पाणी कमी पडत असेल तेवढं भरून काढा, इतकंच. काही थोड्या मुलांत गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी कारण असते. औषधानंही फरक पडत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन ते चार आठवडे दूध पूर्ण थांबवून पाहता येतं.

घरात तान्हं बाळ असलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. फक्त अंगावर पिणारं बाळ महिना-दीड महिन्याचं झाल्यावर आठवडाभर शी न करताही पूर्ण निरोगी असू शकतं. शी मऊ असेल, पोट मऊ असेल, बाळ दूध पीत असेल, वजन वाढत असेल तर काही करायचं नाही. शी करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लाल होऊन रडतं आणि मग शी मऊच होते, तेही बद्धकोष्ठ नव्हे. पोटाचा जोर आणि खालचं सैल सोडणं यांचा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो, पुढच्या काही महिन्यांत जमतो. एरंडेल तान्ह्या बाळाला पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. एक वर्षाखाली मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटीतून उगाळून मध दिला जातो, तोही यातच आला.

डॉक्टरांनी जास्त खोलात जायला हवं अशा खुणा: जन्मल्यानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झालेली नसणं किंवा पहिल्या महिन्यापासूनच त्रास असणं, कारण तेव्हा आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसण्याचा जन्मजात आजार असू शकतो. पोट तट्ट फुगणं, हिरवी उलटी, वजन न वाढणं, चालण्यात नव्यानं आलेला अशक्तपणा, किंवा माकडहाडाच्या वर खोल खळगा वा केसांचा झुपका. यातलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता सासूबाई.

मोठ्यांमध्ये दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही स्वाभाविक असू शकतं. रोज सकाळी उठल्याउठल्या झालंच पाहिजे, नाहीतर दिवस वाया, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की एक दिवस चुकला की माणसं चूर्णाची बाटली उघडतात. आजार ठरतो तो कुंथावं लागणं, खड्यांसारखी शी, पूर्ण साफ न झाल्याची भावना, खाली काहीतरी अडल्यासारखं वाटणं, बोटानं काढावं लागणं, यावरून. शेवटची गोष्ट बायका कधीच आपणहून सांगत नाहीत. सुनेलाही सांगणार नाहीत. विचारलं तर सांगतात, म्हणून डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे.

बाजारातल्या बहुतेक पोट साफ करणाऱ्या चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी आतड्याला डिवचून हालवते. ती विष नाही. मधूनमधून घ्यायला हरकत नाही आणि नेमक्या मात्रेत डॉक्टरही ती देतात. पण वर्षानुवर्षं रोज आणि वाढत्या मात्रेत घेतल्यानं पोटात कळा येतात, अंगातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं आणि खरं कारण शोधायचं राहून जातं. ६८ वर्षांच्या व्यक्तीत ते कारण पुष्कळदा औषधांच्या डब्यात असतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी किंवा हातापायांना मुंग्या येतात म्हणून दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, काही ॲसिडिटीची औषधं. थायरॉइड कमी पडणं, मधुमेह, पार्किन्सन ही कारणंही याच वयातली. आणखी एक गोष्ट: रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून आणि गुडघे दुखतात म्हणून पुष्कळ आजी पाणीच कमी पितात. भारतीय संडासात बसता येत नाही, कमोडची सवय नाही, म्हणून आलेली कळ पुढे ढकलतात. त्यांना हेही विचारा.

काही बायकांत कुंथताना खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. त्यांना चूर्ण, इसबगोल, काहीही पुरत नाही. बायोफीडबॅक नावाच्या प्रशिक्षणानं ते स्नायू पुन्हा नीट वापरायला शिकवता येतं आणि त्याचा बहुतेकांना चांगला गुण येतो. मोठ्या शहरांतल्या पोटविकारतज्ज्ञांकडे ही सोय असते. हे निदान वर्षानुवर्षं होत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण बोटानं नुसती तपासणी केली तरी अनुभवी डॉक्टरला त्याचा संशय येतो.

पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली ओळ ‘दोन महिन्यांपासून’ ही आहे. पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्यानं झालेला बदल अंगावर काढायचा नसतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, तरी मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना हे पाहावंच लागतं. शौचातून रक्त, वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यातलं काही असेल तर घाई करायची. काही नसेल तरीही याच आठवड्यात दाखवा. रक्ताची साधी तपासणी, साखर, थायरॉइड, कॅल्शियम बहुधा करतील, आणि कोलोनोस्कोपी सुचवली तर नाही म्हणू नका. ‘मूळव्याधीचंच रक्त असेल’ असं घरी ठरवून टाकू नका.

तोवर चूर्ण एकदम तोडू नका आणि वाढवूही नका. गुदाशयात कडक मळ अडकला आहे का हे डॉक्टरांनी पाहिल्यावर, तो मोकळा झाला की, इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज किंवा मुलीचंच पॉलिएथिलीन ग्लायकॉल मोठ्यांच्या मात्रेत सुरू करून चूर्ण हळूहळू उतरवता येतं. इसबगोल म्हणजे भुसा. पाण्यात फुगणं हेच त्याचं काम. एक-दोन चमचे पूर्ण ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचा आणि वर अजून पाणी. कोरडा तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकलायचा नाही आणि अगदी झोपताना घ्यायचा नाही, घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेह असेल तर गोड चवीचं पाकीट टाळा. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मॅग्नेशियमचं दुधासारखं पांढरं औषध मनानं घेऊ नका. आणि त्यांनाही, नातीसारखंच, सकाळच्या चहा-न्याहारीनंतर कमोडवर पायाखाली पाट घेऊन निवांत बसू द्या, बाहेरून कुणी दार वाजवणार नाही असं पाहा.

दवाखान्यात जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या, चूर्णाची बाटली, कुणी शेजारणीनं दिलेली पुडी असेल तर तीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. वृद्ध माणसांतही मळ अडकून बाजूनं पातळ झिरपतं. त्यांनाही मध्येच ‘जुलाब’ सुरू झाले तर बंद करणारी गोळी देऊ नका, आधी दाखवा. आणि पोट फुगून तट्ट झालं, वारा सरणंही बंद झालं, उलट्या सुरू झाल्या, तर ते आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी घरात चूर्ण, एरंडेल, एनिमा काही न करता, रात्र असली तरी, शल्यचिकित्सकाची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.